आरसीवर डिझेल, टाकीत फरसाणाचं तेल: नोटिशीला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. स्वतःच्या पिकअपमधून भाजी आणि किराण्याची भाडी मारतो, गाडी मीच चालवतो. मेहुण्याच्या फरसाणाच्या भट्टीतलं वापरलेलं तेल वाया जायचं, म्हणून पाच महिन्यांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गॅरेजमध्ये २८,००० रुपये देऊन तेलावर चालायचं किट बसवलं. 'आरटीओचं काही लागत नाही,' असं त्यानं सांगितलं होतं. परवा कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे गाडी अडवली. आता कन्नडमध्ये नोटीस आली आहे. तीन बदलांचे १५,००० रुपये दंड, शिवाय प्रदूषणाचं कलम, आणि आरसी निलंबित का करू नये याचा खुलासा सात दिवसांत द्यायचा आहे. तेल माझं, गाडी माझी, पीयूसीही आहे. मग गुन्हा कसला?

उत्तर: नोटीस, आरसी आणि तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. केबिनच्या मागे निळी टाकी, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या नळीला टी-आकाराचा जोड देऊन तेल गरम करायची सोय, आणि स्टिअरिंगखाली इंधन बदलायचं बटण. आरसीवर इंधनाच्या रकान्यात मात्र 'डिझेल' एवढा एकच शब्द आहे. तुमचा सगळा खटला या एका शब्दावर उभा आहे. तेल कुणाचं, ते वाया जात होतं का, धूर कमी होतो का, याला इथे फारसं महत्त्व नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच कलमात दुसऱ्या इंधनासाठी किट बसवायची मुभाही आहे. त्यात बॅटरी, सीएनजी, एलपीजी आणि 'इतर कोणतंही इंधन' असे शब्द आहेत. गॅरेजवाले हेच शब्द दाखवून गिऱ्हाईक पटवतात. पण ही मुभा नियमांतल्या अटींच्या अधीन आहे. किटला अधिकृत तपासणी संस्थेची मान्यता हवी आणि आरसीवर नोंद हवी. तुमच्या बिलाच्या चिठ्ठीवर 'किट फिटिंग २८,०००' एवढंच हातानं लिहिलंय. मान्यता क्रमांक नाही, दुकानाचा शिक्काही नाही. शिवाय मंजुरीशिवाय बदल झाला तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते पाच महिन्यांत झालेलं नाही. म्हणून 'मी काहीच केलं नाही' असा पवित्रा घेऊ नका. तो टिकणार नाही.

पीयूसीचा आधारही घेऊ नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात आणि तुमच्या प्रमाणपत्रावरही इंधन डिझेलच लिहिलंय. ते टाकीतल्या तेलाला लागू होत नाही. 'हे बायोडिझेलच आहे' असंही लिहू नका. बायोडिझेल म्हणजे तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं इंधन, त्याला आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे. कढईतलं तेल गाळून टाकीत ओतलं म्हणून त्याचं बायोडिझेल होत नाही. साधं तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं, म्हणूनच तर त्या गॅरेजवाल्याला ते गरम करायची सोय करावी लागली.

आता तुमच्या बाजूचं. नोटिशीत टाकी, हीटर आणि इंधनाची नळी असे तीन बदल धरून कलम १८२अ(४) खाली प्रत्येकी ५,००० लावले आहेत. कायद्यात 'प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही' असं आहे हे खरं. पण एकाच दिवशी, एकाच किटचे म्हणून बसवलेले भाग हा एकच बदल आहे, असं ठणकावून लिहा. मी कोर्टात हाच मुद्दा मांडला असता. दुसरं, प्रदूषणाचं कलम १९०(२). त्यात १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जायची भीती आहे. पण गाडी अडवली तेव्हा धूर तपासला का? तपासणीचा कागद नोटिशीला जोडलेला नाही. मोजमापाशिवाय 'प्रमाण ओलांडलं' म्हणणं कच्चं आहे, त्याला स्पष्ट हरकत घ्या. या घाईत सगळाच दंड भरून मोकळे होऊ नका.

आरसी निलंबनाच्या बाबतीत कलम ५३ तुमच्या कामाचं आहे. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि दोष दूर होईपर्यंतच ते राहतं. म्हणून किट आजच काढा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ इंधन व्यवस्था पूर्ववत करून घ्या, बिलावर तसं लिहून घ्या, आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा, नवं पीयूसी काढा. काढलेलं किट भंगारात देऊ नका, तो पुरावा आहे. तरीही निलंबनाचा आदेश निघाला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.

दंडापेक्षा मला जास्त काळजी विम्याची वाटते. समजा घाटात उतारावर अपघात झाला किंवा गरम तेलाच्या नळीनं पेट घेतला, तर विमा कंपनी आधी तेच टी-जोडाचे फोटो मागेल. तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारायला तिला तेवढं निमित्त पुरतं. तिऱ्हाइताची भरपाई तिला द्यावी लागली तरी नंतर ती तुमच्यामागे वसुली लावू शकते. एका पिकअपवर पोट असणाऱ्या घराला हे झेपणारं नाही. गाडीवर कर्ज असेल तर करारात 'परवानगीशिवाय बदल नाही' अशी अट आहे का तेही वाचा.

गॅरेजवाल्याला मात्र सोडू नका. 'आरटीओचं काही लागत नाही' हा त्याचा व्हॉट्सअॅप संदेश तुमच्या फोनमध्ये आहे. तो पुसू नका आणि फोनही बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. गॅरेज महाराष्ट्रात म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात. मुदत दोन वर्षांची. 'गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असं तो म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर तो व्यापारी हेतू ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तुम्ही स्वतः गाडी चालवता हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात आणा.

मेहुण्यांसाठी दोन शब्द. तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवायची आणि वापरलेलं तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यायचं. तिथून ते बायोडिझेलच्या कारखान्यात जातं. तुमची तळमळ तेल वाया जाऊ नये हीच असेल तर हाच रस्ता आहे. ओळखीचे इतर गाडीवाले तुमच्याकडे तेल मागतात असं तुम्ही लिहिलंय. इंधन म्हणून एक लिटरही विकू नका, त्याला जीवनावश्यक वस्तू कायदा लागू शकतो आणि ते प्रकरण या नोटिशीपेक्षा फार जड आहे.

राहिली भाषा. रस्त्यावर कन्नड कागदावर तुमची सही घेतली आणि मजकूर वाचून दाखवला नाही, असं तुम्ही लिहिलंय. खरं असेल तर खुलाशात तसंच लिहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, मराठीतही. तुमचा मूळ खुलासा मराठीत असू द्या आणि सोबत कन्नड अनुवाद जोडा, म्हणजे टेबलावर बसलेल्या माणसाला तो लगेच वाचता येईल. दोन प्रती न्या, सर्व्हिस सेंटरचं बिल आणि फोटो दोन्हींना जोडा, आणि एका प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. सातवा दिवस रविवारी येतोय, तेव्हा हे काम शुक्रवारीच उरका.