कायदा-सल्ला : घटस्फोटात मिळकतीची वाटणी

प्रश्न : फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. सुरुवातीचे दहा लाख माझ्या बचतीतून गेले, हप्ते नवऱ्याच्या पगारातून जातात. घरखर्च आणि मुलाची फी माझ्या पगारावर चालली. तो घटस्फोटाला तयार नाही आणि 'हप्ते माझे, फ्लॅट माझा' असे म्हणतो. मला निम्मा वाटा मिळेल का?

'लग्नानंतरचे सगळे निम्मे-निम्मे' असा नियम हिंदू विवाह कायद्यात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे तशी सामाईक मालकी असते, महाराष्ट्रात नाही. इथे पाहतात ते नाव कोणाचे आणि पैसा कोणाचा. तुमचे नाव करारावर असल्यामुळे 'फ्लॅट माझा' हे त्याचे म्हणणे टिकणारे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 नुसार दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत ज्याचा जेवढा पैसा, तेवढा त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर हिस्से समान धरतात.

इथेच बायकांचे नुकसान होते. हप्त्याची नोंद बँकेत सापडते. किराणा आणि शाळेची फी कुठेच 'घराची किंमत' म्हणून दिसत नाही. त्यामुळे खरेदीपासूनचे दोघांचे खातेउतारे जोडा आणि तुमच्या पगारावर घर चालले म्हणूनच त्याच्या पगारातून हप्ता जाऊ शकला, हे याचिकेत स्पष्ट लिहा. फ्लॅटच्या हिश्श्यात ते पूर्ण मोजले गेले नाही, तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खालच्या कायम पोटगीच्या वेळी तुमच्या बाजूने मांडता येते.

आता हिशेब. किंमत करारातली किंवा रेडी रेकनरची (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली) धरू नका, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून आजची काढा. समजा 90 लाख आली आणि 30 लाख कर्ज शिल्लक आहे, तर वाटायचे आहेत 60 लाख. समान हिस्सा धरला, तर फ्लॅट ठेवणाऱ्याने दुसऱ्याला 30 लाख द्यायचे आणि कर्ज स्वतःकडे घ्यायचे. तंट्याचा खटला अनेक वर्षे चालू शकतो. म्हणून मूल्यांकन प्रत्यक्ष वाटणीच्या तारखेचे व्हावे आणि वेगळे झाल्यानंतर ज्याने हप्ते भरले त्याला त्याचे श्रेय मिळावे, ही मागणी आधीच लिहून ठेवा. ती तुमच्याविरुद्धही लागू होईल, पण न्याय्य तीच आहे.

सर्वांत महागात पडते ते कर्ज. 'यापुढचे हप्ते पती भरेल' असे न्यायालयाच्या हुकूमनाम्यात लिहिले तरी बँक त्याने बांधली जात नाही. त्याने हप्ते थकवले की वसुली तुमच्याकडे येते आणि सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) तुमचाही बिघडतो. म्हणून क्रम असा ठेवा : बँकेने त्याचे एकट्याचे उत्पन्न तपासून तुम्हाला कर्जातून लेखी मोकळे करावे, तुमची रक्कम न्यायालयासमोर हाती यावी, आणि मगच हक्कसोडपत्रावर सही करून ते नोंदवावे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचा बदल त्यानंतरचा.

पती-पत्नीमधला मिळकतीचा वाद कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 7 मुळे त्याच न्यायालयात चालतो. घटस्फोटाच्या अर्जात 'वाटणी करून मिळावी' असे एक ओझरते वाक्य घालून भागत नाही. मिळकतीचे वर्णन, हिस्सा आणि मागणी स्वतंत्र हवी. दाव्याची नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात फ्लॅटचा व्यवहार करणाऱ्याला 'आम्हाला दावा माहीत नव्हता' म्हणता येणार नाही.

प्रश्न : माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. पावत्या नाहीत. त्यांचीही वाटणी होते का?

नाही. स्त्रीधन वाटायचे नसते, परत करायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात ते पत्नीच्या संपूर्ण मालकीचे ठरवले, आणि सासरचे लोक ते केवळ सांभाळतात असे म्हटले. 2024 मधल्या एका निकालातही हेच पुन्हा सांगितले आहे. अशा दिवाणी वादात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभाव्य, ते पाहतात.

पावत्या नसल्या तरी यादी करा : दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला, शेवटी कोणाच्या ताब्यात होता. प्रत्येकासमोर लग्नाचा किंवा नंतरच्या समारंभाचा फोटो लावा. सराफाकडे जुन्या बिलाची प्रत मागा. वजन फुगवू नका. एक दागिना खोटा ठरला की उलटतपासणीत सगळी यादी संशयात येते. लॉकर कोणी कधी उघडला याची नोंद बँकेत असते. ती न्यायालयामार्फत मागवा आणि न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरसमोर लॉकर उघडून पंचनामा करण्याचा अर्ज लवकर द्या. हिंदू विवाह कायद्याचे कलम 27 लग्नानिमित्त मिळालेल्या सामाईक वस्तूंसाठी आहे. फक्त तुमच्या दागिन्यांसाठी त्यावर विसंबू नका. घरगुती हिंसाचार झाला असेल, तर 2005 च्या कायद्याच्या कलम 19 खाली दंडाधिकारीही स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

प्रश्न : पैसे पूर्ण माझे, पण प्लॉट पत्नीच्या नावावर घेतला. आता तो माझा म्हणता येईल का?

दावा करता येतो, कारण ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी कायद्याच्या (दुसऱ्याच्या नावावर मिळकत घेण्यास मनाई करणाऱ्या) अपवादात बसते. पण पैसा दिला एवढे दाखवून पुरत नाही. ती तिच्यासाठी म्हणून घेतली नव्हती, हेही सिद्ध करावे लागते. बहुतेकांना ते जमत नाही.

प्रश्न : पतीची गुंतवणूक कुठे आहे, मला काहीच माहीत नाही. शोधू कशी?

पोटगीचा अर्ज केला की दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते; रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने त्याचा नमुनाच ठरवला आहे. ते नुसते वाचू नका, ताडून पाहा. प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार दिसतात. ते त्याने दाखल करावे, असा अर्ज द्या. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक 2 मध्ये त्याच्या नावाने झालेले दस्त शोधा. खातेउताऱ्यात दरमहा ठरावीक तारखेला जाणारी रक्कम दिसली, तर ती एसआयपी (म्युच्युअल फंडातली ठरावीक गुंतवणूक), विमा किंवा लपवलेल्या कर्जाचा हप्ता असू शकते. एकेक नोंद धरून लेखी प्रश्नावली द्या. भाऊ-आईच्या खात्यात वेगळे राहू लागल्यानंतर गेलेल्या मोठ्या रकमा आधी तपासा.