ट्रीस्टँडसाठी हार्नेस कुठला घ्यावा? आधी दोराचं बोलू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. विस्कॉन्सिनमधला तुमचा हा पहिलाच सीझन, कंपाउंड बो (कप्प्या लावलेलं शिकारीचं धनुष्य) घेऊन हरणाला बसायचंय. कुणाकडून तरी सेकंडहँड हँग-ऑन स्टँड (झाडाला पट्ट्यांनी बांधायचं छोटं मचाण) मिळालाय, त्यासोबत पिशवीत एक हार्नेस फुकट आलाय. शिवाय पुण्याहून येताना आणलेला, लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर रॅपलिंग करताना वापरलेला क्लाइंबिंग हार्नेसही घरात आहे. तर त्यातला कुठला वापरू, की सगळे म्हणतात तसं सरळ सॅडलच (दोराला टांगून बसायचं आसन) घेऊ? आणि टेदर (झाडापासून हार्नेसपर्यंतचा दोर) किती लांब लागतो?

क्लाइंबिंग हार्नेसचं आधी मिटवून टाकतो. नको. तो वाईट आहे म्हणून नाही, त्याचं काम वेगळं आहे म्हणून. कड्यावर चढताना दोर समोर, कमरेपाशी बांधलेला असतो, लीड करताना (सगळ्यांच्या पुढे चढताना) तो ताणला जाणारा डायनॅमिक दोर असतो आणि खाली कुणीतरी बिले देत (दोर धरून आधार देत) असतो. झाडावर तुम्ही एकटे, पहाटे पाच वाजता, अंगावर तीन थर कपडे, पाठीवर सॅक. टेदर आखूड असतो आणि फारसा ताणत नाही. नुसत्या कमरेच्या हार्नेसवर, वरचा भाग असा जड झालेला असताना तोल गेला, तर माणूस उलटा होऊ शकतो. फुल-बॉडी हार्नेसमध्ये खांद्याचे आणि मांड्यांचे पट्टे एकत्र जोडलेले असतात आणि टेदर पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध येतो. पडलात तरी डोकं वर राहतं.

फुकट आलेली पिशवी उघडून बघा. आत नुसता एक रुंद पट्टा निघाला, छातीला किंवा कमरेला बांधायचा, तर कात्रीने दोन तुकडे करून मगच कचऱ्यात टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून वापरणार नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांनी असले पट्टे पडण्यापासून वाचवण्यासाठी वापरायला १ जानेवारी १९९८ पासून मनाई केलीय. शिकाऱ्यांच्या गॅरेजमध्ये मात्र ते अजून खुंटीला लटकलेले दिसतात. फुल-बॉडी निघाला तर लेबल शोधा. बनवल्याची तारीख, वजनाची मर्यादा (बहुतेक ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो, आणि त्यात बूट, कपडे, सॅक सगळं आलं), आणि किती वर्षं वापरायचा ते. बरेच उत्पादक ५ वर्षं म्हणतात. लेबलच नसेल तर मी तो अंगावर चढवणार नाही. आधीचा मालक त्यात एकदा पडला होता की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि एकदा झटका खाल्लेला हार्नेस बाद समजायचा.

नवीन घेताना रंग आणि खिसे बघण्यात वेळ घालवू नका. दुकानात जाडं जॅकेट घालून जा आणि त्याच्यावरून चढवून बघा. मांडीचे पट्टे अंधारात, हातमोजे घालून लागतात का? लागत नसतील तर एखाद्या थंड सकाळी तुम्ही ते लावणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

आता दोराचं. टेदर म्हणजे झाडाला बांधलेल्या पट्ट्यापासून तुमच्या पाठीपर्यंतचा दुवा. लोक लांबी विचारतात, मी विचारतो झोल (ढिलेपणा) किती. झाडाचा पट्टा तुम्ही उभे असताना डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर हवा, आणि खाली बसलात की टेदर जवळजवळ ताणलेला हवा. मानेमागे जरा ओढल्यासारखं वाटतं. दोन दिवसांत सवय होते.

याचं गणित सोपं आहे. समजा टेदरला ६० सेंटिमीटर झोल आहे आणि पट्टे-शिलाई मिळून तुम्हाला १० सेंटिमीटरमध्ये थांबवतात. मग एकूण ७० सेंटिमीटर पडणं १० मध्ये थांबलं, म्हणजे शरीरावर सरासरी तुमच्या वजनाच्या ७ पट जोर. माणूस ९० किलोचा असेल तर ६३० किलोचा हिसका. झोल फक्त ५ सेंटिमीटर ठेवला तर तोच जोर वजनाच्या फक्त दीडपट. हार्नेस तोच, झाड तेच, माणूसही तोच. म्हणून महागडा हार्नेस घालून टेदर ढिला सोडणाऱ्यापेक्षा साधा हार्नेस घालून टेदर आखूड ठेवणारा मला शहाणा वाटतो.

पण हे झालं वर पोचल्यानंतरचं. माणसं जास्त पडतात ती चढताना, उतरताना आणि शिडीवरून स्टँडवर पाय टाकताना, आणि नेमकं तेव्हाच टेदर खिशात असतो. त्यासाठी लाइफलाइन. स्टँडच्या वर झाडाला बांधलेला, बुंध्यापर्यंत आलेला, साधारण ३० फुटांचा दोर, आणि त्यावर सरकणारी प्रुसिक गाठ. जमिनीवर उभे असतानाच टेदर त्या गाठीला अडकवायचा, चढताना गाठ वर वर सरकवत न्यायची. ही गाठ कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये मांडली. बारीक दोरी जाड दोराभोवती तीन वेढे घेते. हाताने सरकते, वजन आलं की आवळते. गाठ नेहमी डोक्याच्या वर ठेवा. आणि पडताना ती मुठीत धरू नका. मुठीत धरली की ती आवळत नाही, तुमच्याबरोबर खाली घसरत येते. घाबरलेला हात नेमका तिथेच जातो, म्हणून घरी सराव करायचा.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर, रात्री हलका पाऊस होऊन पहाटे गोठलेला. मी शेवटच्या स्टिकवरून (झाडाला बांधायच्या पायऱ्यांच्या काठीवरून) प्लॅटफॉर्मवर पाय टाकला आणि बुटाखालची लोखंडी जाळी साबणासारखी निसटली. एकदम काळं झाड डोळ्यांसमोरून वर गेलं, मांड्यांना जोराचा हिसका बसला, आणि मी लटकत होतो. पडलो असेन जेमतेम फूटभर, कारण गाठ वर होती. ओरडून उपयोग नव्हता, शेतमालकाचं घर मैलभर लांब. आणि खरी भीती त्यानंतर सुरू झाली. नुसतं लटकून राहिलं की मांडीचे पट्टे रक्त अडवतात, पायात रक्त साचतं, काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. यासाठी हार्नेसबरोबर एक सस्पेन्शन रिलीफचा पट्टा येतो, त्याचा फासा करून त्यात पाय देऊन उभं राहायचं. माझा पट्टा कुठे होता? सॅकमध्ये. सॅक हॉल-लाइनला (सामान वर ओढायच्या दोरीला) बांधलेली, १८ फूट खाली, धनुष्याच्या शेजारी. शेवटी पाय झाडावर मारत मारत वळलो आणि स्टिक हाताला लागली. तेव्हापासून तो पट्टा जॅकेटच्या डाव्या वरच्या खिशात असतो आणि वरची स्टिक मी प्लॅटफॉर्मपेक्षा उंच बांधतो. त्यात दोन फायदे. स्टँडवर वर चढण्याऐवजी खाली पाय टाकता येतो, आणि लटकलात तर आधार जवळ असतो. घरी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मांडीवरचे निळे वळ दिसले तेव्हा सांगावं लागलं.

(आमच्या आजोबांनी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर गोफण घेऊन कितीतरी रात्री काढल्या, कुणी स्वतःला बांधून घेतलं नाही, हा युक्तिवाद मीही एकेकाळी करत असे. माळा माणसाच्या उंचीच्या जरा वर असायचा आणि खाली नांगरलेली माती. इथे १८ फूट आणि खाली गोठलेली जमीन.)

राहिलं सॅडल. नावाप्रमाणे हे खोगीरच, फक्त घोड्याला नाही, तुम्हाला बांधायचं. तुम्ही झाडाकडे तोंड करून त्यात बसता, समोरचा ब्रिज (सॅडलच्या दोन बाजू जोडणारी दोरी) टेदरला अडकलेला, आणि तुमचं वजन सतत दोरावर. हलकं, आटोपशीर, रोज झाड बदलणाऱ्याला उत्तम. पण ते तोलून धरण्यासाठी आहे, पडताना झेलण्यासाठी नाही. टेदर कपाळाच्या खाली आला किंवा झोल पडला आणि तशात प्लॅटफॉर्मवरून पाय निसटला, तर न ताणणाऱ्या दोराचा पूर्ण हिसका कमरेला बसतो. चढता-उतरताना लाइनमन्स बेल्टही (कमरेपासून झाडाभोवती घ्यायचा पट्टा) लागतो, आणि फांदी ओलांडताना आधी टेदर वर अडकवायचा, मगच बेल्ट सोडायचा. हा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या सीझनला माझं मत नाही. शिवाय एकदा सॅडल घेतलं की पाउच, गुडघ्याचं पॅड, पाठीचा पट्टा, दोन प्रकारचे कॅम (दोर पकडून ठेवणारी साधनं), अशी अक्षरशः खोगीरभरती सुरू होते.

तरी घेणारच असाल तर दोर चढाईसाठी बनवलेला, ताकदीचा आकडा छापलेला घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला फुटावर मिळणारा दोर नाही. आणि गाठीची दोरी नुसती डायनीमाची (एका कृत्रिम धाग्याची) घेऊ नका. ती ताकदीला जबरदस्त, पण गुळगुळीत असल्याने गाठ घसरू शकते आणि साधारण १५० अंश सेल्सिअसला वितळते. घसरणारी गाठ चांगलीच तापते.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: नवा साधा फुल-बॉडी हार्नेस, मग लाइफलाइन, मग स्टँडचे नवे पट्टे. सेकंडहँड स्टँडचे जुने पट्टे उन्हाने कडक झालेले असतात, आणि गॅरेजमध्ये राहिले असतील तर उंदरांनी कुरतडलेले. पैसे उरले तर बाण घ्या.

पहिल्यांदा रानात जायच्या आधी अंगणातल्या झाडावर, जमिनीपासून फक्त फूटभर उंचीवर, पूर्ण कपडे घालून हार्नेसमध्ये लटकून बघा. जवळ कुणाला तरी उभं करा. रिलीफच्या पट्ट्यात पाय घाला, वळा, परत उभे राहा. घड्याळ लावा. मला पहिल्यांदा चार मिनिटं लागली होती आणि मुलगी हसत होती.

त्या फुकटच्या हार्नेसच्या लेबलचा आणि स्टँडच्या पट्ट्यांच्या शिलाईचा जवळून काढलेला फोटो टाका. तो बघून बाकीचं सांगतो.