ॲमेथिस्ट खरा की काच, आणि घरचे 'करणीची वस्तू' म्हणतात त्याचं काय?

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या कॉलेज रोडच्या प्रदर्शनात तुम्ही ॲमेथिस्टचं, म्हणजे जांभळ्या स्फटिकाचं, ब्रेसलेट आणि एक टॉवर (टोकदार खांबासारखा घासलेला दगड) घेतला, सोबत सिट्रीन या नारिंगी स्फटिकाचा तुकडा मिळाला, विकणारी मुलगी स्वतःला 'मॉडर्न विच', म्हणजे आजच्या काळातली चेटकीण, म्हणवते. आता शंका येतेय की दगड खरे आहेत का, आणि घरी आजी म्हणतायत ही करणीची वस्तू आहे, बाहेर काढ. शिवाय दगड ठेवलेलं पाणी प्यायचं का हेही विचारलंय. मी सिन्नरला खनिजांच्या धंद्यात आहे, माल निवडणं, धुणं, ग्रेड लावणं हे रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक लक्षात घ्या, ॲमेथिस्ट आज काही महागडा दगड राहिलेला नाही. पूर्वी युरोपात तो माणिक-पाचूच्या पंगतीत बसायचा, मग १९व्या शतकात ब्राझील आणि उरुग्वेत एवढा माल निघाला की भाव पडला तो पडलाच. त्यामुळे क्लस्टर, म्हणजे खाली खडबडीत दगड आणि वर जांभळी टोकं, हे नकली करत बसण्यात कुणाला फार काही सुटत नाही, ते बहुतेक वेळा खरेच असतात. घोळ असतो तो मण्यांमधे, गुळगुळीत पॉलिश केलेल्या वस्तूंमधे आणि पैलू पाडलेल्या खड्यांमधे, म्हणजे नेमकं तुम्ही घेतलंय तिथेच.

घरी करता येण्यासारखी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची टेस्ट सांगते. साधा एलसीडी स्क्रीनवाला लॅपटॉप घ्या, पांढरं पान उघडा, ब्राइटनेस फुल करा. मग पोलराइज्ड गॉगल घ्या, गाडी चालवताना चमक मारू नये म्हणून घेतात तो, नुसता काळा गॉगल चालत नाही. गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी स्क्रीन काळाकुट्ट होतो, तिथे थांबा. आता मणी स्क्रीन आणि गॉगलच्या मधे धरा. काच असेल तर काळ्यात काळीच राहते. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, असेल तर उजळतो, आणि जागच्या जागी गोल फिरवला की एका फेरीत चार वेळा उजळतो, चार वेळा विझतो. ॲमेथिस्ट म्हणजे जांभळा क्वार्ट्झच, त्यामुळे तो हे करणारच. फक्त एका विशिष्ट दिशेने बघितलं तर क्वार्ट्झसुद्धा हे करत नाही, म्हणून दगड दोन-तीन बाजूंनी बघायचा. प्लास्टिक असेल तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, आणि घाईत थंड केलेल्या काचेत धुरकट डाग सरकल्यासारखे वाटतात, त्याला उजळणं समजू नका.

नाशिक रोडची एक मुलगी असंच ब्रेसलेट घेऊन आली होती, तिला हे करून दाखवलं तर काही मणी लख्ख उजळले आणि मधले मधले काळे ठिक्कर राहिले. एकाच दोऱ्यात खरे आणि काच मिसळून ओवलेले, रंग इतका जुळवलेला की नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता आलं नसतं. म्हणून म्हणते, एक मणी बघून सोडू नका, सगळे एकेक करून बघा.

त्यानंतर पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन टॉवर त्यात बुडवा आणि वरून बघा. खऱ्या ॲमेथिस्टमधे रंग सगळीकडे सारखा नसतो, कुठे गडद पट्टा कुठे जवळपास पांढरं, आणि हे पट्टे सरळ रेषेत, कोन करून जातात कारण स्फटिक तसाच थरांनी वाढलेला असतो. काचेत रंग एकतर एकदम एकसारखा असतो नाहीतर साखरेचा पाक पाण्यात ओतल्यावर दिसतात तशा वळ्या असतात. सराफ दहापट मोठं दिसणारं भिंग वापरतात, ते मिळालं तर गोल गोल बुडबुडे शोधा, असा बुडबुडा दिसला की विषय संपला, ती काच आहे. मण्याचं भोकही भिंगाखाली बघा. भोकाच्या कडेला आणि बारीक चिरांमधे रंग साचलेला असेल तर तो रंगवलेला साधा क्वार्ट्झ असू शकतो, ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन आतल्या बाजूला हलकं घासा, कापूस जांभळा झाला की समजा.

इथपर्यंत काच, प्लास्टिक आणि रंगवलेला माल बाजूला पडतो. पण एक प्रकार घरी कळतच नाही, तो म्हणजे कारखान्यात वाढवलेला ॲमेथिस्ट. १९७० च्या दशकापासून रशियात तो धंद्यासाठी बनतोय, जाड पोलादी भांड्यात, गरम दाबाखालच्या पाण्यातून. तो क्वार्ट्झच असतो, रंग देणारं लोह पण तेच, त्यामुळे लॅपटॉपसमोर तोही उजळतो. लॅबवाले आतलं ट्विनिंग (स्फटिकाचे भाग एकमेकांत जुळून वाढण्याची पद्धत) आणि इन्फ्रारेड किरणांची तपासणी बघून ठरवतात, आणि तरी काही खड्यांना त्यांनाही वेळ लागतो. मुंबई आणि जयपूरला लॅब आहेत, पण ब्रेसलेटसाठी तिकडे पाठवण्यात अर्थ नाही, टेस्टची फी दगडाहून जास्त व्हायची. अंगठीसाठी मोठा खडा घेणार असाल तरच.

आणि ते ज्योतीवर धरा, दुधात टाका, मुठीत धरून बघा गरम होतो का, हे काही करू नका. विशेषतः ज्योत. जांभळा रंग येतो तो दगडातल्या अगदी थोड्या लोहामुळे आणि आजूबाजूच्या खडकातल्या किरणोत्साराने, लाखो वर्षांत. चार-पाचशे अंश तापवला की तो रंग जातो आणि दगड पिवळा-नारिंगी होतो. तुमचा सिट्रीनचा तुकडा तळाला पांढरा आणि टोकाला गडद नारिंगी असेल तर तो बहुतेक भट्टीत भाजलेला ॲमेथिस्टच आहे. बाजारातलं बहुतेक सिट्रीन असंच असतं. तो नकली नाही, पण 'नैसर्गिक सिट्रीन' म्हणून जास्त पैसे घेतले असतील तर ते चूक आहे, आणि हे तुम्ही विकणारीला स्पष्ट विचारा.

विकणारीने 'हा आपल्या नाशिकचाच' असं सांगितलं असेल तर अजून एक. आपल्याकडे ॲमेथिस्ट मिळतो हे खरं आहे. पांडवलेणी ज्या बेसाल्टमधे कोरलीयत तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका असलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आत गारगोटी, अकीक, कधी ॲमेथिस्ट, आणि त्यावर स्टिलबाइट, ॲपोफिलाइट असले स्फटिक वाढले. विहिरीला सुरुंग लावला किंवा खाणीत दगड फुटला की अशा पोकळ्या उघड्या पडतात. पण आपला ॲमेथिस्ट सहसा फिकट, टोकं बारीक. गडद वाईनसारखा एकसंध टॉवर दाखवून कुणी नाशिकचा म्हणालं तर मी तरी मानणार नाही. एकदा सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून या, खरा माल समोर बघितला की नजर बसते, ते वाचून होत नाही.

आता विचचा भाग, आणि इथे मला खरंच बोलायचंय. आज जगभर विक्का किंवा मॉडर्न विचक्राफ्ट नावाचा जो पंथ चालतो ते जुन्या काळापासून अखंड चालत आलेलं काही नाही. इंग्लंडमधे १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५४ मधे जेराल्ड गार्डनर नावाच्या, मलायात कस्टम्समधे नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाने पुस्तक लिहून सांगितलं की जुन्या विचेसचा धर्म अजून जिवंत आहे आणि मी त्यात दीक्षा घेतलीय. त्यामागचा आधार होता मार्गारेट मरे यांचा १९२१ चा सिद्धांत, की युरोपात जाळल्या गेलेल्या बायका एका प्राचीन धर्माच्या होत्या. इतिहासकारांनी तो सिद्धांत पुढे खोडून काढला. पण म्हणून विक्का मानणारे लोक खोटे ठरत नाहीत, तो एक तरुण धर्म आहे एवढंच. वर्षात आठ सण, चंद्राच्या कला, देवी आणि देव दोघांची पूजा, आणि कुणाला इजा न करता वाग हा मुख्य नियम. २००७ मधे अमेरिकेत मृत सैनिकांच्या थडग्यांवरच्या सरकारी दगडांवर त्यांचं पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह कोरायला परवानगी मिळाली, म्हणजे तिथे तो धर्म म्हणून मान्य आहे. १९७० च्या दशकात स्त्रीवादी बायकांनी विच हे नाव मुद्दाम अंगावर घेतलं, कारण युरोपात त्या आरोपाखाली ४०-५० हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे आणि त्यात बहुतेक बायका होत्या. अमेरिकेतल्या सेलममधे १६९२ साली १९ जणांना फाशी दिली होती. ज्या नावाने मारलं तेच नाव ताठ मानेने घ्यायचं, यात मला तरी आदर वाटण्यासारखंच काही दिसतं.

दगडांचं मात्र यात मुळात फारसं काही नाही. क्रिस्टलची ही सगळी भाषा, थर्ड आय, एनर्जी, चार्जिंग, मुख्यतः १९७०-८० च्या 'न्यू एज' या पाश्चात्त्य अध्यात्माच्या लाटेतून आली आणि नंतर यात मिसळली. त्यामुळे विच व्हायला अमुक हजाराचा सेट लागतो असं कुणी सांगत असेल तर तो धर्म नाही, विक्री आहे. आपल्याकडे हाच दगड जमुनिया किंवा कटेला म्हणून शनीचं उपरत्न म्हणून विकतात, त्र्यंबकला गेलात तर दिसेल. दगड एकच, एकीकडे साडेसातीसाठी आणि दुसरीकडे अंतर्ज्ञानासाठी. मी रोज क्विंटलने हाताळते, सुंदर आहे, पण आजार बरा करतो किंवा नशीब बदलतो असं मला कधी दिसलेलं नाही आणि मी तसं सांगून विकतही नाही.

आजींचं म्हणणं पण उडवून लावू नका, प्लीज. लंडनमधली मुलगी स्वतः विच म्हणवून घेते, पण आपल्याकडे हे बाईवर लादलं जातं. सातपुड्यात, नंदुरबारकडे, एखाद्याचं पोर आजारी पडलं, गुरं मेली की भगत कुणाचं तरी नाव घेतो, आणि ती बहुतेक वेळा एकटी असते, विधवा असते, कधी कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग तिला डाकीण ठरवून मारहाण, गावाबाहेर काढणं, जीवही जातो. आजी ज्या काळात वाढल्या त्या काळात करणी या शब्दाने माणसांची घरं उद्ध्वस्त झालेली त्यांनी ऐकली असतील. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षं ज्या कायद्यासाठी झगडा दिला तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मधे आला. त्या कायद्यात करणी-जादूटोणा करते असा आरोप करून कुणाला छळणं गुन्हा आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, घाबरवणं गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. टेबलावर दगड ठेवणं, मेणबत्ती लावणं, पौर्णिमेला ध्यान करणं यातलं काहीच गुन्हा नाही, हे आजींना सांगा.

आणि त्यांना लॅपटॉपसमोर बसवून ती टेस्ट दाखवा. शेतात नांगरताना निघणारी गारगोटी त्यांनी नक्की बघितली असेल, हा तिचाच जांभळा भाऊ आहे, त्यात थोडं लोह आहे, एवढंच. हे हातात धरून कळलं की भीती बरीच उतरते, माझ्या सासूबाईंची उतरली होती.

त्या मुलीबद्दल माझं मत विचाराल तर नुसती विच म्हणवते म्हणून तिला वाईट समजू नका. पण 'तुझ्यावर कुणाची तरी नजर आहे', 'अमुक विधी करावा लागेल, इतके पैसे दे', 'डॉक्टरची गोळी बंद कर', 'घरी सांगू नकोस' यातलं एकही वाक्य आलं तर लगेच थांबा, मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. आणि बिल मागा, बिलावर 'नैसर्गिक ॲमेथिस्ट' असं लिहून मागा. काच निघाली तर ते बिल दाखवून पैसे परत मागता येतात, नाहीतर नुसत्या तोंडी बोलण्यावर काही सिद्ध करणं अवघड जातं.

पाणी पिण्याबद्दल, नको. क्वार्ट्झ पाण्यात विरघळत नाही, पण पॉलिश, रंग, डिंक काय लावलंय कुणाला माहीत, आणि आज ॲमेथिस्ट टाकला की उद्या कुणीतरी मॅलाकाइट हा हिरवा दगड टाकायला सांगतं, त्यात तांबं असतं. सेलेनाइट (जिप्समचा स्फटिक) तर पाण्याने झिजतोच. चंद्रप्रकाशात ठेवायचाय तर ठेवा, पण सकाळी आठवणीने उचला, महिनोन्महिने खिडकीतल्या उन्हात राहिला तर जांभळा रंग फिका पडतो आणि तो परत येत नाही. ब्रेसलेट अंघोळीच्या वेळी काढून ठेवा, दगडाला काही होत नाही पण आतलं इलॅस्टिक सैल पडतं.