उत्तर: बॉक्समध्ये ठेवलेल्या रेट्रो स्नीकरचा सोल गळाला, पुन्हा तसलाच घेऊ का?

एकदोनदा घातलेला जोड, दोन पावसाळे बॉक्समध्ये, बाहेर काढला तर सोलचा भुगा आणि वर दुकानदार म्हणतो तुम्हीच नीट वापरला नाही. वाचून जुनी जखम ओली झाली रे.

तुझा काही दोष नाही. मिडसोल, म्हणजे सोलचा मधला मऊ थर, पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असणार. आपल्या दमट हवेत तो आतून तुटत जातो, हायड्रोलिसिस म्हणतात त्याला, आणि न घालता ठेवला म्हणून वाचत नाही. माझ्याची टाच बोटाने दाबली तर चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या काउंटरवर आधी बिल मागितलं, थर्मल कागदावरची अक्षरं केव्हाच उडालेली, बँकेचं स्टेटमेंट चालत नाही म्हणे, मग ईमेल करा, ईमेलवर उत्तर आलं काउंटरवर जा, आणि शेवटी काय तर 'वेअर अँड टेअर'. अहो, तळव्याचं डिझाइनसुद्धा घासलं नव्हतं! तू यात अडकू नकोस, सरळ १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाक. पैसे मिळतीलच असं नाही सांगत.

आता नवीन. माझं मत हं, मी काही चप्पलबुटांचा इंजिनियर नाही. दिसायला आदिदासच्या साम्बा टाइप एक नंबर, पण तो मुळात गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळायला काढलेला बूट, सोल पातळ आणि पुढून अरुंद. कल्याणहून उभ्याने येणार असशील तर सीएसएमटीपर्यंत तळवे बोलायला लागतात. रोजच्याला न्यू बॅलन्सच्या ५७४ सारखा जाड बरा, फक्त त्याच्या मिडसोलमध्ये ईव्हीएच्या, म्हणजे हलक्या फोमच्या भोवती पीयूची कड असते, त्यामुळे घेतलास तर घालत राहा, शोकेसमध्ये ठेवायला नको. सगळ्यात बिनघोर म्हणजे कडेने शिवलेला रबरी कपसोल, म्हणजे बुटाला खालून धरणारा वाटीसारखा सोल, आत ईव्हीए. शिवण उसवली तर स्टेशनबाहेरचा मोचीपण मारून देतो.

स्वेड, म्हणजे लवदार मऊ चामडं, मला प्रचंड आवडतं, पण जून ते सप्टेंबर विसर, बुरशी धरते. 'सिंथेटिक लेदर' लिहिलेल्यावर बऱ्याचदा पीयूचाच थर असतो, तो पापुद्रे काढतो.

सेलमध्ये घेताना बॉक्सवरच्या एमआरपीच्या स्टिकरवर महिना-वर्ष बघ, पन्नास टक्के सूट बऱ्याचदा गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या मालावर असते. आणि बिलाचा फोटो दुकानातच काढ.