कळ दाबली की यादी गायब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ईमॅक्स या एडिटरमध्ये टाइप करताना मराठी विक्शनरीतून शब्द सुचवणारं फंक्शन लिहिलं आहे. विक्शनरीच्या एपीआयची (प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या सोयीची) ओपनसर्च क्रिया वापरतो, उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या ‘यूआरएल-रिट्रीव्ह-सिंक्रोनसली’ने ते आणतो आणि एडिटर अडकू नये म्हणून सगळ्याभोवती ‘व्हाइल-नो-इनपुट’ घातलं आहे. हाताने एखादा शब्द देऊन चालवलं की दर वेळी यादी येते. भराभर टाइप करताना मात्र बहुतेकदा येत नाही आणि मधूनच ‘राँग टाइप आर्ग्युमेंट: लिस्टपी, टी’ अशी चूक दिसते. इंटरनेट व्यवस्थित आहे. कुठे शोधू?

उत्तर: ‘लिस्टपी’ म्हणजे ‘ही यादी आहे का’ ही तपासणी, आणि चुकीच्या संदेशातला शेवटचा ‘टी’ (ईमॅक्सच्या भाषेत ‘होय’) हाच धागा आहे. ‘व्हाइल-नो-इनपुट’च्या आतलं काम चालू असताना कळ दाबली गेली, तर ते काम तिथेच सोडून ‘टी’ परत येतं. कंट्रोल-जी दाबून थांबवलं तर ‘निल’ (‘नाही’ किंवा रिकामी यादी) येतं. काम पुरं झालं तरच खरी यादी मिळते. तुमचा पुढचा कोड तिन्ही वेळा यादीच आली असं धरून चालतो, म्हणून ‘टी’ हाती आला की अडखळतो. आणखी एक: आत शिरतानाच एखादी कळ रांगेत उभी असेल, तर आतला कोड सुरूही होत नाही. म्हणजे काही वेळा तुमची विनंती बाहेर गेलेलीच नसते.

हे पटवून घ्यायला खरं नेटवर्क नको. पायथनच्या एचटीटीपी-सर्व्हरने स्वतःच्याच संगणकावर ३ सेकंद थांबून ठरावीक जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) देणारा छोटा सर्व्हर उभा करा आणि फंक्शनला तो पत्ता द्या. एकदा हात बाजूला ठेवून चालवा, एकदा दुसऱ्या सेकंदाला एखादी कळ दाबा. दुसऱ्या वेळी ‘टी’ आला, तर नेटवर्क निर्दोष.

डीबगर इथे चकवतो. कळ आल्यावर होते ती ‘थ्रो’ (चालू काम सोडून थेट बाहेर उडी), एरर नव्हे. त्यामुळे ‘डीबग-ऑन-एरर’ लावलं तर ते नंतरच्या ‘लिस्टपी’च्या चुकीवर थांबतं, म्हणजे चोर निघून गेल्यावर. ‘डीबग-ऑन-क्विट’लाही ती दिसत नाही, आणि ‘कंडिशन-केस’मध्ये ती सापडत नाही. त्यापेक्षा मेटा-एक्स (नावाने आज्ञा चालवायच्या कळा) ‘ट्रेस-फंक्शन’ने तुमचं आतलं आणणारं फंक्शन निवडा आणि ट्रेसच्या बफरमध्ये (ईमॅक्समध्ये मजकूर ठेवायची जागा) आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या बाणांच्या जोड्या लावा. ज्या हाकेला परतीच्या बाणापुढे यादी नाही, ती मध्येच तुटली. ‘यूआरएल-डीबग’ला ‘टी’ दिलं की यूआरएल लायब्ररी आपली नोंद वेगळ्या बफरमध्ये लिहिते, तीही शेजारी ठेवा.

आता खरी गोम. तुटतं ते वाट पाहणं, विनंती नाही. ‘यूआरएल-रिट्रीव्ह-सिंक्रोनसली’ आतून ‘ॲक्सेप्ट-प्रोसेस-आउटपुट’ने थांबून राहते. तिथे कंट्रोल-जी दाबलं तर ती जोडणीची प्रोसेस स्वतः मोडते. पण कळेमुळे झालेली ‘थ्रो’ त्या ओळीवरून उडी मारून थेट बाहेर पडते, मोडणारं कोणी उरत नाही. जोडणी चालूच राहते, उत्तर येतं, ते एका बफरमध्ये साठतं आणि तो बफर बेवारस पडतो. मेटा-एक्स ‘लिस्ट-प्रोसेसेस’ उघडून पाहा. बफरही पाहा: त्यांची नावं रिकाम्या जागेने सुरू होतात म्हणून नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. कंट्रोल-एक्स बी दाबा, एक स्पेस द्या, मग टॅब. तासभर टाइप केल्यावर तिथे बरीच गर्दी दिसेल.

उपाय दोन. पहिला तात्पुरता: आणण्याच्या हाकेभोवती ‘थ्रो-ऑन-इनपुट’ला (कळ आली की ‘थ्रो’ करायला लावणाऱ्या व्हेरिएबलला) ‘निल’ बांधा. सूचना देणाऱ्या फंक्शनांच्या केप पॅकेजमधलं ‘केप-रॅप-नॉनइंटरप्टिबल’ हेच करतं. यादी दर वेळी येईल, पण उत्तर येईपर्यंत टाइप केलेली अक्षरं पडद्यावर उमटणार नाहीत. सर्व्हर स्वतःच्याच संगणकावर असेल तर चालेल, विक्शनरीसाठी नाही. ‘इनहिबिट-क्विट’ मात्र अजिबात लावू नका, त्याचं काम कंट्रोल-जीलाही अडवण्याचं आहे.

दुसरा उपाय टिकाऊ: आणणं आणि दाखवणं वेगळं करा. सूचना देणाऱ्या फंक्शनने फक्त हॅश-टेबलमध्ये (शब्द आणि त्याची आधी आणलेली यादी यांच्या जोड्यांमध्ये) पाहावं आणि असेल ते लगेच द्यावं. नसेल तर ०.३ सेकंदाचा आयडल-टायमर (टाइप करणं थांबल्यावर चालणारा) लावावा, आधीचा टायमर ‘कॅन्सल-टायमर’ने काढून. टायमर उडाला की ‘यूआरएल-रिट्रीव्ह’ला कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालणारं फंक्शन) देऊन हाक मारायची आणि विसरून जायचं. कॉलबॅकमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी स्टेटसमध्ये एरर आहे का ते पाहा, मग हेडर संपतात ती रिकामी ओळ गाठा, तिच्यापुढचा मजकूर यूटीएफ-८ म्हणून उलगडा आणि मगच जेसन वाचा. हा बफर बाइटांचा असतो. उलगडायचं राहिलं तर ‘पाणी’च्या जागी कचरा दिसतो. उत्तर ज्या शब्दासाठी मागितलं त्याच शब्दाच्या नावाने टेबलमध्ये ठेवा, म्हणजे उशिरा आलेलं उत्तर दुसऱ्याच शब्दाखाली चिकटत नाही. शेवटी बफर मारा, आणि ते ‘अनवाइंड-प्रोटेक्ट’मध्ये, म्हणजे वाचताना चूक झाली तरी बफर उरत नाही.

दोन बारकावे. पत्त्यात शब्द घालताना ‘यूआरएल-हेक्सिफाय-स्ट्रिंग’ वापरा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणून ‘पाणी’ची ४ चिन्हं पत्त्यात ३६ अक्षरं घेतात. आणि किती अक्षरांनंतर सूचना द्यायच्या ते ठरवताना ईमॅक्स काना-वेलांटीही वेगळी मोजतं हे ध्यानात ठेवा. मर्यादा ३ ठेवली तर ती ‘पाण’लाच भरते.

‘यूआरएल-रिट्रीव्ह’ही सगळीकडे पूर्ण मोकळी नसते. नावावरून पत्ता शोधण्याचं काम मागच्या मागे होण्यासाठी ईमॅक्सला जीएनयू सी लायब्ररीतली खास सोय लागते. मॅकवर ती नाही, त्यामुळे तिथे पहिल्या हाकेला क्षणभर अडकल्यासारखं वाटलं तर तुमच्या कोडला दोष देऊ नका.

प्रश्न: एका जुन्या पॅकेजमध्ये उत्तराची वाट पाहायला ‘सिट-फॉर’चं लूप आहे. टाइप करत राहिलं की ते उत्तराआधीच बाहेर पडतं. ‘स्लीप-फॉर’ घालू का?

उत्तर: नको. ‘सिट-फॉर’चं कामच मुळी ‘इतका वेळ किंवा कळ येईपर्यंत’ थांबण्याचं आहे. कळ रांगेत असेल तर ते लगेच परततं, सर्व्हरकडून आलेलं वाचायला वेळच मिळत नाही. ‘स्लीप-फॉर’ कळेला दाद देत नाही, पण उत्तर आलं तरी ठरलेला वेळ संपेपर्यंत बसून राहतं. यूआरएल लायब्ररीच्या कोडमध्येच टीप आहे की हे दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही सोडले. ‘ॲक्सेप्ट-प्रोसेस-आउटपुट’ला ती प्रोसेस आणि १ सेकंदाची मर्यादा द्या, आणि लूपमध्ये दर फेरीला ‘प्रोसेस-स्टेटस’ पाहा. जोडणी बंद झाली तरी लूप फिरत राहणं ही या जागची नेहमीची चूक.

प्रश्न: व्हीएस कोड या एडिटरसाठी एक्स्टेंशन लिहिलं आहे. सूचना येतात, पण दोन अक्षरांपूर्वीच्या. सर्व्हरवरही एका शब्दासाठी पाच-सहा विनंत्या दिसतात.

उत्तर: तुमचा प्रश्न पहिल्याच्या उलटा आहे: तिथे कळ नको तिथे तोडते, इथे हवी तिथे तोडत नाही. ‘प्रोव्हाइड-कम्प्लीशन-आयटम्स’ला तिसरा आर्ग्युमेंट कॅन्सलेशन टोकन (ही विनंती आता नको, हे सांगणारा) असतो, तो तुम्ही वापरलेला दिसत नाही. एक अबॉर्ट-कंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल फेचला (विनंती पाठवणाऱ्या फंक्शनला) द्या आणि टोकनच्या ‘ऑन-कॅन्सलेशन-रिक्वेस्टेड’मध्ये अबॉर्ट करा. मग फेच ‘अबॉर्ट-एरर’ फेकेल. ती गिळून रिकामी यादी द्या, वापरणाऱ्याला चूक म्हणून दाखवू नका. बाकीच्या एरर मात्र पुढे जाऊ द्या. ‘अवेट’नंतर (उत्तराची वाट पाहून झाल्यावर) पुन्हा एकदा टोकन तपासा, कारण उत्तर आणि रद्द करणं एकाच सुमारास येऊ शकतं. सर्व्हर पुढच्या अक्षराला वेगळी यादी देत असेल, तर उत्तरात ‘इज-इनकम्प्लीट’ खरं ठेवा. नाहीतर व्हीएस कोड पहिलीच यादी गाळत बसतो, आणि तुम्हाला दिसतात त्या शिळ्या सूचना बहुधा त्याच.