हिलेलमध्ये आपल्याला घेतील का? घेतील, पण खुर्च्या मांडायला जा

शालोम. ठाण्याच्या एका मुलाने विचारलंय की ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला निघालोय, विद्यापीठात ‘हिलेल’ नावाचं ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र आहे म्हणे, तिथे आपल्यासारख्या बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, कुणी धरतं का, की सरळ मराठी मंडळ गाठावं? उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

मी तिकडे गेले त्याला अठरा वर्षं झाली. दोन वर्षं विद्यार्थिनी होते, पुढे त्याच गावात नोकरी लागली. गेली काही वर्षं शुक्रवारी रात्री, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) लागतो तेव्हा, माझ्याकडे चार-सहा पोरं जेवायला असतात. म्हणजे जेवणारी आणि वाढणारी, दोन्ही मीच होते असं समज.

पहिला शुक्रवार सांगते. मी साडेसहाला पोचले, सलवार-कमीज घालून, हातात मिठाईचा डबा. दारातच डबा बाजूला ठेवायला लावला, कारण स्वयंपाकघर कोशेर (ज्यू खाण्यापिण्याचे नियम पाळणारं), बाहेरचं शिजवलेलं आत चालत नाही. छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. मग कळलं की एकाच इमारतीत तीन तेफिला (प्रार्थना) चालू आहेत. एका खोलीत ऑर्थोडॉक्स, मध्ये पडदा, बाया एकीकडे पुरुष एकीकडे. दुसऱ्या खोलीत कॉन्झर्व्हेटिव्ह, सगळे एकत्र, मुलगीच तेफिला चालवतेय. तिसऱ्या खोलीत रिफॉर्मवाले गिटार घेऊन. मला आपल्या ठाण्याच्या मशिदीची सवय. (इतर वाचकांसाठी: आपल्याकडे सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनचं नाव आपल्या जुन्या मशिदीवरून पडलं असं घरोघर सांगतात.) शब्द सगळे पाठ, चाल एकही ओळखीची नाही. ‘लेखा दोदी’ या शब्बाथच्या स्वागताच्या गाण्यात शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळले तेव्हा मी पण वळले, आणि तेवढ्या एका क्षणाला वाटलं की चुकीच्या ठिकाणी आलेलो नाही.

जेवायला मात्र तिन्ही खोल्या एकाच हॉलमध्ये येतात. हिलेलची खरी युक्ती ही: तेफिला वेगवेगळी, जेवण एक. आपल्याकडे दोन मशिदींचे लोक एका मांडवात बसवायचे तर आधी सहा महिने बैठका होतात, म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटलं.

टेबलावरचा पहिला प्रश्न, “भारतातून? मग धर्मांतर कधी केलंस?” दुसरा, “आई ज्यू की वडील?” तुलाही हेच विचारतील. विचारणारा वीस वर्षांचा पोरगा असतो, त्याच्या लेखी ज्यू म्हणजे न्यूयॉर्क आणि पोलंड. मी पहिले काही महिने दर शुक्रवारी आपल्या पूर्वजांचं नवगावला फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, तेल गाळणारे पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, हे सगळं म्हणून दाखवायचे. लोक माना डोलवायचे, “वाव” म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात माझं नाव विसरलेले असायचे. नंतर लक्षात आलं, मी जेवायला जात नव्हते, कीर्तनाला उभी राहत होते.

रागावू नकोस, पण वाद घालत पण बसू नकोस. आपल्या लोकांनी हा वाद एकदा घालून झालाय. इस्रायलमध्ये रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मंडळाने लग्नाच्या वेळी आपली वंशावळ तपासायचं ठरवलं, त्यावर लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. तुझ्या-माझ्या आजी-आजोबांच्या पिढीने ते सोसलंय. तू एका वाक्यात सांग, “आमची मुंबईतली पहिली मशीद सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधली,” आणि भाजी पुढे सरकव. तुमचं हिलेल निघायला त्यानंतर सव्वाशे वर्षं लागली, हे मनातल्या मनात म्हण.

ते निघालं कसं हे माहीत असावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या नामांकित विद्यापीठांना ज्यू पोरं जास्त झाली असं वाटायला लागलं होतं. हार्वर्डच्या अध्यक्षांनी, लॉवेल त्यांचं नाव, १९२२ मध्ये ज्यूंच्या संख्येला उघडच मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी (मंडळं) ज्यूंना घेत नसत, म्हणून ज्यूंनी स्वतःच्या काढल्या. झीटा बीटा टाऊ १८९८ ची. हार्वर्डमध्ये १९०६ मध्ये मेनोरा सोसायटी निघाली, पण ती अभ्यासू मंडळींची, व्याख्यानं-निबंधांची. नुसत्या घराची आठवण येणाऱ्या पोराने कुठे जावं? १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात बेंजामिन फ्रँकेल नावाच्या तरुण रब्बीने हिलेल सुरू केलं. त्यामागे लागलेले होते एडवर्ड चॉन्सी बाल्डविन, इंग्रजीचे प्राध्यापक, आणि ते ख्रिश्चन! बायबल शिकवताना वर्गातल्या ज्यू पोरांनाच त्यातलं काही येत नाही हे त्यांना खटकत होतं. मला हे वाचून जॉन विल्सन आठवले, ज्यांच्या नावाचं चौपाटीसमोर कॉलेज आहे. स्कॉटिश मिशनरी, पण त्यांनी १८३२ मध्ये आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्यांचा हेतू वेगळा होता, मान्य. आपले लोक हिब्रू शिकले आणि राहिले मात्र ज्यूच. दोन्हीकडे आपल्या अडाणीपणाची लाज आधी परक्याला वाटली, ही गंमत आहे.

फ्रँकेल तिशीतच वारले. पुढे हिलेलचा कारभार बघितलेले एब्रम सॅकर १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. आज आठशेहून जास्त कॅम्पसवर हिलेल आहे. कुठे चार मजली इमारत, कुठे एक खोली आणि एक पगारी माणूस. तुझ्या विद्यापीठात यातलं कुठलं आहे ते जायच्या आधी बघून घे.

दुसरं ठिकाण खबाद, ऑर्थोडॉक्स रब्बींची संस्था. मुंबईकराला खबाद काय ते सांगायला नको, कुलाब्याचं नरीमन हाऊस आपण विसरलेलो नाही. कॅम्पसवरचं पहिलं खबाद हाऊस १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएजवळ झालं. तिथे समिती नाही, निवडणूक नाही. रब्बी, त्याची बायको, पाच-सहा पोरं, आणि बैठकीच्या खोलीत लांबच लांब टेबल. परक्या बाईशी रब्बी हात मिळवत नाही, बायको परपुरुषाशी मिळवत नाही, तेव्हा हात पुढे करून ओशाळू नकोस. मिनियानला, म्हणजे तेफिलाला लागणाऱ्या दहा जणांच्या गटाला, पुरुषच मोजतात, आणि ते पण आई ज्यू असलेले. तुझी आई आपल्यातली असेल तर काहीच अडचण नाही. वडीलच ज्यू असतील तरी जेवायला मनापासून बोलावतील, पण मिनियानमध्ये धरणार नाहीत. हिलेलच्या रिफॉर्म खोलीत धरतील. दुखतं हे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला असं दहावा म्हणून उभं राहिल्यावर बाजूला केलं होतं, तो पुढे वर्षभर कुठेच गेला नाही. आधी माहीत असलं की कमी लागतं, एवढंच.

मला विचारशील तर खबादचं जेवण जास्त चांगलं, आणि आजारी पडलास तर सूप घेऊन तेच येतात. स्वतः काही उभं करायला वाव मात्र हिलेलमध्ये. तिथे विद्यार्थ्यांची समिती असते, थोडा पैसा असतो, आणि काम करायला माणसं कायम कमी असतात.

यावरून मुद्द्यावर येते. दुसऱ्या सत्रात एकदा बस चुकेल म्हणून मी तासभर आधीच पोचले. एक मुलगी एकटी साठ खुर्च्या मांडत होती. मी पदर खोचला (म्हणजे ओढणी) आणि लागले कामाला. त्या तासाभरात तिने मला नवगाव विचारलं नाही. विचारलं की संख्याशास्त्राचा तो मास्तर गृहपाठ कसा तपासतो. पुढच्या शुक्रवारी तिनेच फोन केला, “येतेस ना, हल्ला कापायचाय.” हल्ला म्हणजे त्यांचा शब्बाथचा वेणीचा पाव. नंतर मला कुणी धर्मांतराचं विचारलं तर माझ्या आधी तीच उत्तर द्यायची, माझ्यापेक्षा तिखट. आपण लग्नघरात असंच करतो की. हॉलमध्ये खुर्चीवर बसलेला पाहुणा असतो, आणि मागे नारळ खवत बसलेला घरचा.

नारळावरून मलिदा, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात तो गोड पोह्यांचा. वर्ष संपताना मी समितीला म्हटलं, मला एकदा आमचा मलिदा करायचाय. कश्रूत (कोशेरचे नियम) बघणारे गृहस्थ कडक. पोहे बंद पाकिटातलेच, त्यात काय काय आहे ते वाचून दाखव; सुऱ्या आमच्याच; फळं अख्खी आण, इथे काप. मलिद्यात शिजवायचं काही नसतं हे नशीब. पोहे भिजवले, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा सगळी पोरं भोवती गोळा, कुणी यूट्यूब उघडलेलं. मी सुरीच्या पाठीने तीन ठोके दिले, भकल्या झाल्या, पाणी कश्रूतवाल्यांच्या बुटांवर. पाच फळं मांडली, सब्जा मिळेना म्हणून वासाला पुदिना ठेवला.

वेळ मुद्दाम शनिवारी रात्रीची घेतली होती, शब्बाथ संपल्यावर हवदालाची. कारण त्या वेळी तेही एलियाहूचं गाणं म्हणतात. ते म्हणतात ‘हनावी’, आपण ‘हनबी’. त्यांची चाल एक, आपली दुसरी, पण नाव तेच. मी आपल्या चालीत सुरू केलं, दुसऱ्या फेरीला पाच-सहा आवाज आले, तिसऱ्या फेरीला सगळे. मी आलिबागजवळचं खंडाळे, एलियाहूचा टापा, घोड्याच्या टापेची खूण, सगळं सांगितलं. त्या दिवशी ऐकलं लोकांनी. हातात वाटी होती आणि वर्षभराची ओळख होती.

किप्पूरचं, म्हणजे आपल्या दरफाळणीच्या उपासाचं, मात्र वेळेत बघ. माझ्या पहिल्याच सत्रात नेमक्या त्या दिवशी परीक्षा आली. मी आदल्या दिवशी सांगायला गेले, शिकवणाऱ्याने हात वर केले, आणि मी उपाशीपोटी तीन तास पेपर लिहिला. परत आले तेव्हा दरफाळणीचा सण संपत आला होता, आणि आईला फोनवर काय सांगावं कळेना. बहुतेक विद्यापीठांत धार्मिक सुट्टीचा नियम असतो, पण सत्राच्या सुरुवातीलाच लेखी कळवावं लागतं. गेल्या गेल्या हिब्रू कॅलेंडर काढ, रोश हशाना, किप्पूर, सुक्कोथ, पेसाह यांच्या तारखा लिहून प्रत्येक प्राध्यापकाला पहिल्या दोन आठवड्यांत ईमेल टाक.

राजकारणाचं विचारलं नाहीस, पण तिथे गेल्यावर टळणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर, आणि २०२४ च्या वसंतात कोलंबियापासून निषेधाचे तंबू पडायला लागले तेव्हा, माझ्याकडे येणारी पोरं दारातच थकलेली असायची. बाहेर कुणी त्यांना इस्रायल सरकारचा जबाब मागे, आत कुणी पुरेसे निष्ठावान आहात का म्हणून तपासे. हिलेलमध्येही यावर जुना वाद आहे. इस्रायलबद्दल कुणाला व्यासपीठ द्यायचं याचे मध्यवर्ती नियम आहेत, आणि ते न पटल्यामुळे स्वार्थमोर कॉलेजच्या पोरांनी २०१३ मध्ये आपलं हिलेल ‘ओपन’ जाहीर केलं होतं. तुला जे वाटतं ते वाटू दे. माझी मावशी दिमोनाला, आतेभाऊ अश्दोदला. बातमी आली की मी आधी फोन लावते, मत नंतर. माझ्या टेबलावर एकच नियम आहे, किद्दुश (वाइनवरची प्रार्थना) होईपर्यंत बातम्या नाहीत. जेवण झाल्यावर भांडा. भांडतात पण.

मराठी मंडळात पण जा की, ‘की’ कशाला? गणपती आणि आपला नव्याचा सण (रोश हशाना) कधी दोन-चार दिवसांच्या, कधी जवळपास महिन्याच्या अंतराने येतात. मी ढोल ऐकायला आणि पुरणपोळीला जायचे. प्रसादाचं ज्याने त्याने ठरवावं. मंडळातल्या एका काकूंनी मला दरवर्षी बिरड्याचे वाल मोड आणून दिले, कशासाठी लागतात हे एकदाच विचारून.

सामानाचं: मराठी अर्थ असलेली तेफिलाची प्रत घे, तिकडे मिळणार नाही. १८७४ च्या पुण्याच्या हगादाचं (पेसाहच्या पोथीचं) ते चित्र, लुगडी नेसलेल्या बायका मांडी घालून मात्सा (बिनखमिराची भाकरी) लाटतायत, ते फोनमध्ये ठेव, पेसाहच्या सेदेरला (सणाच्या जेवणाला) दाखव. पेसाहला आपण भात खातो आणि अश्केनाझी (युरोपी ज्यू) खात नाहीत, तेव्हा भाताचं पातेलं न विचारता टेबलावर आणू नकोस. किद्दुशच्या शरबताला काळ्या मनुका तिकडे कुठेही मिळतात. एकवीसच्या आतल्यांना वाइन चालत नाही, ती पोरं द्राक्षाच्या रसावर किद्दुश करतात, आपलं शरबत त्यांना लगेच पटतं. आणि आई खवणी देईल बॅगेत घालून, ती घेऊ नकोस. दीड किलो वजन, आणि इंडियन स्टोअरमध्ये खवलेलं खोबरं गोठवलेलं मिळतं.