रोज चिखलातून लांब चालायचं असेल तर गमबूट कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की रोज दहा-बारा किलोमीटर चिखलातून चालणं होतं, टाचांना फोड येतात, आधीचे गमबूट वर्षभरात घोट्यापाशी तडकले. आता एक साइझ मोठे घ्यावेत का, आणि रबर की पीव्हीसी, असे दोन प्रश्न आहेत.

मी पाणथळ जागी पक्ष्यांची मोजणी करते. त्या नादात गमबुटांचे बरेच जोड झिजवलेत, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

साइझचं आधी, कारण फोडांचं मूळ तिथेच असावं. जाड मोजे बसावेत म्हणून एक साइझ मोठे घ्या, हा सल्ला सगळे देतात. मीही ऐकला होता. तीन-चार किलोमीटरवर मोजा उतरून तळव्याखाली गोळा झाला, आणि पुढच्या दलदलीत बूट जागच्या जागी राहिला, पाय तेवढा वर आला. एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशी मी बगळ्यासारखी उभी! मोजणी त्या दिवशी तिथेच संपली.

गमबुटाला नाडी नसते, हे आपण विसरतो. पाय धरून ठेवायला त्याच्याकडे दोनच जागा असतात: चवड्यामागचा पायाचा उंचवटा आणि टाचेची वाटी. या दोन्ही ठिकाणी बूट सैल असेल तर चिखल त्याला खाली ओढतो, आपण पाय वर ओढतो, आणि या ओढाताणीत टाच सोलवटते. कोरड्या रस्त्यावर तोच बूट अगदी आरामशीर वाटतो, म्हणूनच दुकानात फसायला होतं.

मी बूट असा तपासते. संध्याकाळी जाते, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. चालताना घालणार तेच मोजे सोबत नेते. सुखतळा काढता येत असेल तर तो आधी बाहेर काढून त्यावर उभी राहते. बोटं कडेच्या बाहेर जात असतील तर तो जोड तिथेच बाद. मग बूट घालून पाय पुढे सरकवायचा, बोटं टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट जेमतेम शिरावं. दोन बोटं शिरली तर मोठा. त्यानंतर पायऱ्या किंवा उतार शोधायचा. चढताना टाच किंचित उचलली जाते, तेवढं चालतं. पण उतरताना अंगठा पुढे आपटला तर तो बूट नखं काळी करणार. आणि दुकानदार कितीही म्हणाला, तरी 'वापरून सैल होतील' यावर विश्वास ठेवू नका. चामडं पायाचा आकार घेतं, रबर तसं घेत नाही.

तुमच्या नेहमीच्या मापात जाड मोजा खरंच मावत नसेल, तर अर्धा नंबर वर जा. त्याहून जास्त नको. मोजे गुडघ्याखालपर्यंत येणारे, लोकरीचे किंवा लोकर मिसळलेले घ्या. आखूड मोजा असला की बुटाची कड उघड्या पोटरीवर घासते आणि तिथे लाल वळ उठतो. सुती मोजा घाम पिऊन ओलाच राहतो, आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात.

हा घाम लोक हिशेबातच धरत नाहीत. गमबूट पाणी आत येऊ देत नाही, तसं बाहेरही जाऊ देत नाही. दोन-तीन तास चाललं की मोजे दमट होतात आणि माणूस म्हणतो बूट गळका निघाला. बहुतेक वेळा तो गळका नसतो. मी वाटेत एकदा थांबून मोजे बदलते. फोडांवर याच्याइतका उपयोग मला कुठल्याही महागड्या सुखतळ्याचा झालेला नाही.

पोटरीचा घेरही मोजून घ्या. फार सैल असेल तर दर पावलाला बूट फटफट वाजतो आणि वरून खडे आत पडतात. फार घट्ट असेल तर बसता-उठता रग लागते. बाजूला बकल आणि पट्टी असलेले बूट मिळतात, पोटरी नेहमीच्या मापात बसत नसेल तर तेच बघा. दलदलीत पाणी गुडघ्याजवळ येत नसेल तर पोटरीच्या मध्यापर्यंतची उंची पुरे होते. लांबच्या चालीत वजन जाणवतं, उंच रबरी जोड दोन किलोपर्यंत भरू शकतो.

आता रबर की पीव्हीसी. माझं मत नैसर्गिक रबराकडे झुकतं. त्याला कारण आहे. दहा किलोमीटरमध्ये आपण साधारण तेरा-चौदा हजार पावलं टाकतो, चिखलात पावलं आखूड पडतात म्हणून जास्तच. म्हणजे प्रत्येक बूट एका फेरीत सहा-सात हजार वेळा त्याच घडीवर वाकतो. चांगलं रबर हे वाकणं सोसतं. पीव्हीसी त्या घडीवर लवकर चिरतं, थंडीत कडक होतं, आणि ओल्या गुळगुळीत दगडावर त्याचा सोल घसरतो. अधूनमधून घालायला ते ठीक आहे, रोजच्या दहा किलोमीटरला नाही. पॉलियुरेथेनचे (हे फेसासारखं हलकं प्लॅस्टिक) बूट हलके आणि उबदार असतात, पायांना खरंच सुख देतात, पण चिरले तर घरी जोडणं कठीण. निओप्रीनची, म्हणजे मऊ स्पंजासारख्या कृत्रिम रबराची, नळी असलेले बूट पोटरीला मऊ बसतात, मात्र काटेरी झुडपांतून जायचं असेल तर लवकर फाटतात आणि उन्हाळ्यात भट्टी होतात.

गंमत म्हणजे ज्या वेलिंग्टनच्या ड्यूकवरून (हा एक ब्रिटिश सेनापती) इंग्रजीत या बुटांना 'वेलिंग्टन' नाव पडलं, त्याचे बूट चामड्याचे होते. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट 1844 मध्ये घेतलं, आणि 1853 मध्ये हायरम हचिन्सन याने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. ड्यूक त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता.

सोल उलटा करून बघायचाच. खाचा खोल हव्यात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या एकमेकींपासून लांब हव्यात. दाट नक्षीत चिखल भरून बसतो आणि दहा पावलांत सोल सपाट होतो. टाच वेगळी, कडा असलेली हवी, उतारावर तीच रुतून धरते. मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध, तळव्याच्या कमानीपाशी वाकत असेल तर आत आधाराची पट्टी नाही, आणि संध्याकाळी तळवे ठणकणार.

तुमचे बूट घोट्यापाशी का तडकले असतील? न बघता सांगणं कठीण, पण वरचा भाग दुमडून किंवा मोडून पडू देऊन ते ठेवत होता का? ताणलेल्या रबरावर हवेतला ओझोन हल्ला करतो, आणि घडीवरचं रबर कायम ताणलेलं असतं. ऊन त्यात भर घालतं. बूट सरळ उभे किंवा उलटे टांगून, अंधाऱ्या जागी ठेवा. चालणं झालं की चिखल साध्या पाण्याने धुवा, सुखतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला. हीटरपुढे किंवा चुलीपाशी अजिबात नको. चमक यावी म्हणून तेल किंवा व्हॅसलीन चोळू नका, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचा फवारा चालतो. रबरावर पांढरी भुकटी आली तर घाबरू नका. आतलं मेण वगैरे वर येतं ते, फडक्याने पुसलं की जातं. नव्या बुटावर ती दिसली म्हणून मी एकदा चांगला जोड परत करायला निघाले होते.

आणि वाट जर बहुतेक खडकाळ असून मधे मधे चिखल लागत असेल, तर गमबूट घेऊच नका. घोट्याला आधार देणारे नाडीचे बूट घाला, पाय ओले झाले तर होऊ द्या.

जुना जोड रबरी असेल तर टाकू नका. घोट्याच्या खाली कापला की अंगणात पटकन पाय सरकवायला सपाता होतात. वरच्या नळीचे तुकडे जपून ठेवा. नव्या बुटाला काटा लागून भोक पडलं, तर भोकाभोवतालची जागा आणि तुकड्याची चिकटणारी बाजू पॉलिश पेपरने खरवडायची, दोन्हींना सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून पाच-दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि तुकडा दाबून बसवायचा. माझ्या डाव्या बुटावर असं एक ठिगळ आहे, आणि त्या जागेतून अजून थेंबभरही पाणी आत आलेलं नाही.